तीन नंबरची कँडल

ज्या वस्तूला हजारो भोकं असतील ती चांगली, आणि त्यातलं एक जरा मोठं झालं की ती भंगार, हा न्याय जगात दोनच ठिकाणी चालतो: चहाच्या गाळणीत आणि बद्रीनाथ इंगोलेच्या फिल्टर रूममध्ये. नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडे, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याची एकवीस वर्षं त्या खोलीत गेली होती.

खोलीत पोलादाचं एक उभं पिंप आणि पिंपात सात कँडल. कँडल म्हणायची नुसती पद्धत. वात नाही की मेण नाही. पोलादाची बारीक भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजली की हातभर लांबीची राखाडी नळी तयार होते. कण एकमेकांना चिकटताना मधे ज्या फटी राहतात त्यांतून स्पिरिटमध्ये विरघळलेलं पातळ औषध निघून जातं आणि निकेलची काळी पूड बाहेर अडकते. ही पूड नसेल तर औषध बनत नाही. ओली असते तोवर ती गरीब गाय. वाळली आणि वारा लागला की आपोआप पेट घेते. ती पुढच्या खोलीत जाऊ द्यायची नाही, एवढंच बद्रीनाथचं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे.

फटी फार बारीक घेतल्या तर कँडल दोन तासांत गुदमरते, मोठ्या घेतल्या तर पूड निसटते. खरेदी खात्याला एकदा स्वस्तातली तारेची जाळी आणायची होती, तेव्हा हा वाशीमकडचा, एरवी मान खाली घालून चालणारा माणूस अडून बसला होता आणि भाजलेली कँडलच घ्यायला लावली होती. तिची सेवाही तोच करायचा. उलटा दाब देऊन तिच्यावरचा थर झटकायचा. महिन्याला बाहेर काढून धुवायची, स्पिरिटच्या ट्रेमध्ये बुडवायची, आतून हळूहळू हवा सोडायची आणि पहिला बुडबुडा किती दाबाला निघतो ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. वेळेआधी निघाला तर भोक मोठं झालं. शिवाय प्रत्येक घाण्याला गाळलेल्या औषधाचे चार थेंब पांढऱ्या रुमालावर टाकायचे. करडं कडं उमटलं, तर पूड निसटली.

पुढच्या खोलीत शंभू. वाघोलीचाच. गावाने जमिनी विकून बंगले बांधले, शंभूच्या बापाने भाव यायच्या आधीच विकल्या, म्हणून हा कामाला. गाळून आलेलं औषध थंड झालं की त्याचा लगदा फिरत्या मशीनमध्ये पिळायचा आणि झाकण उघडून काढायचा, हे त्याचं काम. मशीन सुरू करण्याआधी तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "बद्रीभाऊ, रुमाल पांढरा हाय का?" इकडून "पांढरा" असं उत्तर आलं की मगच बटण दाबायचा. बारा वर्षं हा रिवाज चालला. कुठल्या वहीत तो लिहिलेला नव्हता, पण त्यानेच दोघांना जिवंत ठेवलं होतं.

मग नव्या काळाचं वारं आलं. नगर रस्त्यावर काचेच्या इमारती उठल्या, आणि बद्रीनाथचा एकुलता एक मुलगा तेजस त्यातल्याच एकीत, विमाननगरला, गळ्यात ओळखपत्र घालून जाऊ लागला. त्याची कंपनी कारखान्यांना कॉम्प्युटरची देखरेख बसवून द्यायची. त्याचं कार्ड साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं ते बद्रीनाथनेच. कोणी सांगितलं नव्हतं, हौस!

एका रविवारी तेजस लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमचा तो फिल्टर खराब झाला हे कसं ओळखायचं? लॉजिकमध्ये टाकायचंय."

चोवीस वर्षांत पोराने बापाला त्याच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. बद्रीनाथचा ऊर भरून आला. तो निकेलपासून सुरू झाला, भट्टीवर आला, फटींवर आला.

"बाबा, एका वाक्यात सांगा ना. कंडिशन काय?"

"दाब वाढला की फिल्टर बिघडला," बद्रीनाथ म्हणाला. आपल्याला एका वाक्यात सांगता आलं, याचाच त्याला केवढा आनंद झाला.

दाब वाढलाच नाही तरी फिल्टर बिघडलेला असतो, हे तो बोलला नाही. लपवलं नाही, त्याच्या मनातच आलं नाही. गाळणी फाटली तर चहा भराभर उतरतो हे कोणी कोणाला शिकवतं का? तसंच फाटलेल्या कँडलवर दाब चढत नाही, ती कधी गुदमरत नाही, दिसायला सगळ्यांत निरोगी तीच. एकवीस वर्षं हाताला ठाऊक असलेली गोष्ट तोंडाला सांगायची राहून गेली. तेजसने लिहिलं ते असं: दाब वाढला तर लाल, नाहीतर हिरवा.

पडदा बसला. पडद्यावर सात हिरवे चौकोन, एकेका कँडलचा दाब दाखवणारे. कारखान्याचे व्यवस्थापक साठ्ये साहेब सदाशिव पेठेतले, त्यांनी स्पिरिटचा ट्रे अडगळीत टाकायला लावला आणि रुमालाकडे बोट दाखवून विचारलं, "इंगोले, हा कारखाना आहे की कॉलेजातलं प्रेमप्रकरण?" बद्रीनाथ सगळ्यांबरोबर हसला, रुमाल खिशात घातला आणि शंभूच्या हाकेला पडदा बघूनच "पांढरा" म्हणू लागला. पोराचा पडदा होता तो.

त्याच उन्हाळ्यात भोवतालच्या नव्या सोसायट्यांकडे पाण्याचे टँकर वळले आणि कँडल धुवायला बोअरचं खारट पाणी आलं. खारट पाणी पोलादाला दाताच्या किडीसारखं आतून खातं. बद्रीनाथने दोनदा लिहून दिलं. "कँडल काही पाणी पिणार नाहीये," साहेबांनी शेरा मारला.

जुलैतल्या एका गुरुवारी त्याचं लक्ष पडद्यावरच्या तीन नंबरकडे गेलं. बाकीच्या सहा कँडलांवर दाब चढत होता, झटकल्यावर उतरत होता. तीन नंबर एकोणीस दिवस एकाच आकड्यावर. हिरवीगार. त्याने खिशातला रुमाल काढला आणि चार थेंब टाकले.

करडं कडं उमटलं. फिकट होतं, पण होतं.

त्याने पिंप तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. एक झडप फिरवायची होती, बस्स. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, साठ्ये साहेब तेजसच्या कामावर पसंतीची सही करणार होते, आणि त्या सहीवर तेजसचं अमेरिकेला जाणं ठरणार होतं. वेणूबाईने, बद्रीनाथच्या बायकोने, लोणच्याच्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. कडं फिकट आहे, बद्रीनाथने मनाशी म्हटलं. शनिवारी पिंप उघडू, गुपचूप कँडल बदलू. शंभूला तरी सांगावं, असं एकदा मनात आलं; पण शंभूच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तासाभरात गेटवरच्या वॉचमनलाही कळलं असतं.

शुक्रवारी दुपारी तीनला भिंतीपलीकडून हाक आली. पडदा असला तरी शंभूची सवय गेली नव्हती.

"बद्रीभाऊ, रुमाल पांढरा हाय का?"

बद्रीनाथने खिशातल्या रुमालावर हात ठेवला.

"ओ भाऊ! झोपलात का? पांढरा हाय का?"

"पांढरा," बद्रीनाथ म्हणाला.

वीस मिनिटांनी शंभूने झाकण उघडलं. मशीनच्या कापडावर बसलेली पूड फिरून फिरून वाळली होती. तिला वारा लागला, आणि भोवती स्पिरिटची वाफ होती.

शंभू चार दिवस ससून हॉस्पिटलात होता. चौथ्या दिवशी गेला.

शनिवारी सकाळी, शंभू तिकडे जिवंत असतानाच, साहेबांचा निरोप आला: सोमवारी चौकशी समितीसमोर सातही कँडल तपासायच्या, पिंप उघडून ठेवा. त्या पिंपाचे बोल्ट खोलणारा माणूस एकच. बद्रीनाथने तीन नंबर बाहेर काढली. बुडाशी सुईने टोचल्यासारखी तीन छिद्रं. खरं सांगायचं तर ती हातात घेऊन तो रडला. पण रडणं झाल्यावर उठला, मांडणीवरची कोरी कँडल घेतली, हातोडी आणि छापा घेतला आणि तिच्या गळ्याशी ३ हा आकडा ठोकला. फुटकी कँडल टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून घरी नेली आणि माळ्यावर टाकली.

सोमवारी अडगळीतला ट्रे परत आला. समितीची चार माणसं, साठ्ये साहेब आणि पडदा बरोबर चालत होता हे दाखवायला आलेला तेजस, असे सगळे ट्रेवर वाकून उभे. बद्रीनाथ हवा सोडत गेला. तीन नंबरच्या वेळी सगळे आणखी खाली वाकले. बुडबुडा निघाला तो नेमका निघायला हवा त्या दाबाला.

"उत्तम," साहेब म्हणाले.

अहवाल झाला. फिल्टर निर्दोष, पडदा निर्दोष. कामगाराने झाकण उघडण्याआधी आतली हवा हटवणारा नायट्रोजन सोडला नसावा, निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून खाली बद्रीनाथची सही. शंभूने बारा वर्षांत एकदाही नायट्रोजन चुकवला नव्हता, हे बद्रीनाथइतकं कोणाला माहीत होतं?

घरी येताना तेजसने विचारलं, "बाबा, माझं लॉजिक बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"तुमचा चेहरा असा का झालाय मग?"

"शंभू माझा माणूस होता," बद्रीनाथ म्हणाला. निदान हे तरी खोटं नव्हतं.

वेणूबाई मोरीत रुमाल घासत होती. "काय लागलं याले? तीनदा धुतला, डाग निघूनच नाही राहिला," ती म्हणाली. "अन् तुम्ही काहून जेवत नाही?" त्याने रुमाल ओलाच तिच्या हातातून काढून घेतला.

दहाव्याला तुळापूरच्या घाटावर वाघोलीची बरीच माणसं जमली होती. अहवाल तोवर गावभर झाला होता. गाव हळहळत होतं आणि त्याच तोंडाने कुजबुजतही होतं, की स्वतःच्या हाताने गेला बिचारा. शंभूची आई सोजरबाई पायरीवर बसली होती. पिंड मांडला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. भावकीतले बापूराव हात जोडून म्हणाले, "शंभू, आईची काळजी करू नगंस, आमी हाय." कावळा हलला नाही. दुसऱ्या कोणी शंभूच्या लेकीच्या शाळेचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. त्या सोमवारी सगळे ट्रेवर वाकून बुडबुडा वेळेआधी निघू नये म्हणून थांबले होते. आज सगळे झाडाकडे बघत कावळा यावा म्हणून थांबले होते.

सोजरबाई उठली आणि गर्दीतून सरळ बद्रीनाथकडे आली.

"भाऊ, त्याला बोल लागलाय," ती म्हणाली. "त्यो जायाचा न्हाय. तुमच्याबिगर कुनाचं ऐकायचा न्हाय त्यो. घरी सांगायचा, बद्रीभाऊ पांढरा म्हनला की मी बिनघोर. तुमी सांगा त्याला, त्याची चूक न्हवती म्हून."

लोकांनी वाट करून दिली. बद्रीनाथ पिंडासमोर जाऊन उभा राहिला. काय सांगायला हवं ते त्याला माहीत होतं. एकच वाक्य होतं. रुमाल पांढरा नव्हता, शंभू, आणि मी पांढरा म्हणालो. त्याने मान वळवली. मागे तेजस उभा होता. ऑफिसातून तसाच आलेला, गळ्यात ओळखपत्र, बापाकडे काळजीने बघणारा. व्हिसाच्या मुलाखतीला आठ दिवस होते.

"शंभू," बद्रीनाथने हात जोडले. "तुझी चूक नव्हती."

सगळे झाडाकडे बघू लागले. सोजरबाईही बघत होती, पदर तोंडाशी धरून. एक कावळा फांदीवर पुढे सरकला, मान वाकडी करून खाली बघितलं, आणि तिथेच बसून राहिला.

"अजून काही राहिलं असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. "मनातलं असेल ते."

बद्रीनाथचे ओठ हलले. "नाही," तो म्हणाला. "एवढंच."

गुरुजींनी आणखी थोडी वाट बघितली, मग दर्भाच्या काड्या घेतल्या, त्यांना गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. माणसं कपडे झटकून उठली. कोणीतरी सोजरबाईला हाताला धरून उठवलं.

"शिवला का?" तिने विचारलं. तिची नजर अधू होती.

ती बद्रीनाथकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा. शिवला का?"

"शिवला," बद्रीनाथ म्हणाला.

म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा सैल पडल्यासारखं दिसलं. "मग झालं," ती म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

"बाबा, चला," तेजस जवळ येऊन हळूच म्हणाला. "एकचा कॉल आहे मला."

बद्रीनाथ त्याच्यामागून चालू लागला. झाडावरचा कावळा अजून तिथेच होता.