अखंड गादी

बेडवर आडवी ठेवलेली पाण्याची बाटली नेहमी उजवीकडेच घरंगळते.

फोमची शीट तुर्भ्याहून रिक्षाने आणायची, तर रिक्षावाल्याने बसायचं कुठे?

काथ्याचा वास. जात नाही.

सुचित्राची कंबर.

या सगळ्याच्या मुळाशी नंदकुमारची गादी. खाली काथ्या, मधे लॅटेक्स, वर फोम, सगळ्यावर चेनवाली खोळ. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्याने ती नेरूळच्या फ्लॅटमध्ये स्वतः बनवली. "जन्मभर टिकेल. जो थर दबला तो काढायचा, नवा घालायचा."

दबायचा तो त्याच्याच बाजूला. मग रात्रभर सुचित्रा उतारावर.

"अहो, मी बेडची कड धरून झोपते. हात सुटला की तुमच्यावर."

"वरचा थर बदलू."

"परवाच बदललात!"

"मग मधला."

"थरांचा काय दोष? वजन तुमचं! मधून कापा ही गादी. तुमचा अर्धा रोज बदला, माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही."

नंदकुमार हळूच म्हणाला, "नवराबायकोची गादी कापत नाहीत."

सुचित्राने कपाळावर हात मारला. "फ्लॅटचा ताबा पितृपक्षात घेतलात तुम्ही!"

"ते काँक्रीट होतं."

तिने कपाटावरची बॅग ओढली. लेकीकडे, खांदेश्वरला. "अबोलीकडे दुकानातली साधी गादी आहे. बिचारी मुकाट पडून असते. कंबर गेली तर तिचा थर कुठे मिळतो हो तुमच्या तुर्भ्यात?"

तो हलला नाही. मग तिनेच बॅग टाकून खोळीची चेन ओढली आणि ब्रेडची सुरी आणली.

"थांब! वाकडं जाईल." इतका वेळ शकुन जपणाऱ्या माणसाला वाकडी कड मात्र सोसेना. त्याने टेप लावली, रेघ मारली, फोम कापला, लॅटेक्स कापलं. काथ्यापाशी सुरी थबकली.

"हा नको. एक तरी अखंड राहू दे."

"राहू द्या. नाहीतरी दगडच आहे तो."

चेन लागली. ती आपल्या अर्ध्यावर आडवी झाली. तो शेजारी धपकन बसला. ती जागची हलली नाही. हात पोटावर, मोकळे.

"मधे फट लागते का गं?"

"अहो, गप्प पडा."

लग्नानंतर कितीतरी वर्षं, हा डबलबेड घेईपर्यंत, दोघं दोन वेगळ्या लोखंडी खाटांवर झोपत.