खजुराच्या डब्यातला पाणक्या

मी खजुराच्या डब्यातून बोलतोय. डबा प्लास्टिकचा आहे, झाकणावरची सोनेरी अक्षरं अजून पुरती पुसली गेलेली नाहीत. आत मी आहे: तळहाताएवढा हिरवा सर्किट बोर्ड, मोटार चालू-बंद करणारा एक रिले आणि पाच-सहा वायरी. बोर्ली पंचतनच्या एका सुपारीच्या वाडीत, विहिरीशेजारच्या मोटारघरात, मला भिंतीवर टांगलंय. वाडीला पाणी सोडणं हे माझं काम.

पण मला घेतलं होतं ते या कामासाठी नाही.

अल्तमश तेव्हा ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर होता. पनवेलला घर, बायको इनशा शाळेत शिकवणारी, एक लहान मुलगी. सुट्टीच्या दिवशी त्याला काहीतरी बनवायची हुक्की यायची. माझ्यापासून त्याला आईसाठी फोटोंची चौकट बनवायची होती. पनवेलहून नातीचा फोटो पाठवला की बोर्लीच्या घरात भिंतीवर आपोआप दिसावा, एवढीच कल्पना. चार रविवार काम झालं. मग ऑफिसात कसलीशी घाई आली आणि मी खणात गेलो. तिथे आम्ही बरेच होतो. दोन जुने फोन, बॅटरी फुगलेलं मनगटी घड्याळ, टाळी वाजवल्यावर लागणारा आणि कधीकधी न लागणारा एक दिवा.

त्याच्या आईचं नाव अतिया. दर ईदला ती फोनवर विचारायची, माझी ती फ्रेम झाली का रे? तो म्हणायचा, थोडंच राहिलंय, अम्मी. एका नोव्हेंबरात ती गेली. त्यानंतर ते काम पुरं करायची गरज उरली नाही.

जानेवारीत कंपनीने साठ माणसं कमी केली, त्यात अल्तमश होता. चौदा वर्षांच्या नोकरीचा निरोप एका छोट्या व्हिडिओ कॉलवर उरकला. दोन दिवसांनी कुरिअरवाला येऊन कंपनीचा लॅपटॉप घेऊन गेला. अल्तमशने सही केली आणि त्याला पाणी विचारलं. माणसांचं मला हे नवल वाटतं. घरातून काय नेलं जातंय हे माहीत असूनही ती पाणी विचारतात.

इनशाला त्याने त्याच दिवशी सांगितलं. वडिलांना सांगितलं नाही. नुरुद्दीन बायको गेल्यापासून बोर्लीच्या घरात एकटेच होते. त्यांना त्याने कळवलं की ऑफिसने घरून काम करायची मुभा दिलीय, काही महिने तुमच्याकडेच राहतो. नुरुद्दीन फोनवर एवढंच म्हणाले की वरची खोली झाडून ठेवतो.

सामानात खणातलं सगळं आलं, म्हणून मीही आलो.

वरच्या खोलीत टेबलावर मी त्याला रोज बघत होतो. बरोबर दहा वाजता तो दार लावायचा, कानाला हेडफोन चढवायचा आणि बंद स्क्रीनसमोर बसून बोलायचा. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय आहे. ऑफिसात रोज सकाळी अशी बैठक असायची म्हणे. काल तीन ठिकाणी अर्ज केले. आज दोन करणार. अडचण काही नाही. मग हेडफोन काढून खाली चहाला जायचा. नुरुद्दीन तोवर रेडिओचा आवाज बारीक करून बसलेले असायचे. मुलाचं ऑफिस चाललंय, मध्ये आवाज नको.

मार्च लागला. नुरुद्दीनना एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन मेमध्ये ठरलं. त्यांची काळजी डोळ्याची नव्हती, छत्तीस रोपांची होती. अतियाने जायच्या आधीच्या वर्षी एका जुन्या पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, चांगली फळं निवडून वाफ्यात लावली होती. त्यांची हातभर रोपं झाली होती, सहा रांगा, प्रत्येकीत सहा. पावसाळ्यात ती वाडीत हलवायची होती. कुठे लावायची ते अतियानेच दाखवून ठेवलं होतं. तोवर रोज पाणी हवं, आणि ऑपरेशननंतर बारा दिवस नुरुद्दीनना पनवेलला इनशाकडे राहायचं होतं.

अल्तमश म्हणाला, ते माझ्यावर सोडा.

कित्येक दिवसांनी मी त्याचा चेहरा असा खुललेला पाहिला. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं, नवा प्रोग्राम लिहायला घेतला. वही उघडून वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, तुम्ही वाडीत रोज जे जे करता ते सगळं सांगा, काहीही गाळू नका. नुरुद्दीननी दोन संध्याकाळी बसून सांगितलं. मोटार किती वाजता, कुठला पाट आधी उघडायचा, मोठ्या झाडांना दिवसाआड, रोपांना रोज वीस मिनिटं, लाईट गेली तर काय. अल्तमशने एकेक गोष्ट पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावली. तेवीस चिठ्ठ्या झाल्या. त्या सगळ्या मला पाठ झाल्या.

दुबईहून आलेल्या खजुराचा डबा रिकामा झाला होता, त्यात मला बसवलं. पहिल्यांदा माझ्या टकटकीने मोटार सुरू झाली तेव्हा वाडीत गवत काढणारी रंगू बघायला आली. रंगू पलीकडच्या पाड्यावरची. वीस वर्षं या वाडीत कामाला, त्यामुळे तिला बोलायला कुणाची भीती नाही. ती म्हणाली, "ह्यो नवा गडी बरा हाय. चा मागत न्हाय, तंबाखू मागत न्हाय." अल्तमश हसला. नुरुद्दीनही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच वेळी हसले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात नुरुद्दीन पनवेलला गेले आणि वाडी माझ्याकडे आली.

मी एकही मिनिट चुकलो नाही. रोज सकाळी सव्वासहाला मोटार, वीस मिनिटं रोपांना, मग पाट बदलून मोठ्या झाडांना. लाईट गेली तर आल्यावर राहिलेली मिनिटं भरून काढायचो. अल्तमश माझी नोंद वडिलांना फोनवर वाचून दाखवायचा. डोळ्यावर पट्टी असलेले नुरुद्दीन पलीकडून म्हणायचे, वा, माझ्यापेक्षा पक्का आहे.

सातव्या दिवशी रंगूने सांगितलं की रोपांच्या पानांची टोकं करपतायत. अल्तमशने वाकून पाहिलं, फोनवर फोटो काढले, वाचलं, विचार केला. ऊन फार आहे, पाणी कमी पडतंय, असं त्याने ठरवलं. वीसची पस्तीस मिनिटं केली. मला काय, पस्तीस तर पस्तीस. दोन दिवसांनी करपणं आणखी आत सरकलं. मग पस्तीसची पन्नास झाली. रंगू म्हणाली, "भाय, पानी वाढवतोस आन् पानं जळतायत, ह्ये काय मला बरोबर वाटत न्हाय. चाचांना इचार." अल्तमश म्हणाला, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना कशाला त्रास.

बाराव्या दिवशी नुरुद्दीन परतले. दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर काळा चष्मा लावून ते विहिरीवर आले. पोहऱ्याने पाणी काढलं, डोळ्याला लागणार नाही अशा बेताने ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मग मोटारघरात येऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मोटारीची वीज तुटली. पण अल्तमशने मला बॅटरी जोडली होती, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

आमच्या किनाऱ्यावर उन्हाळा सरत आला की विहिरीतलं गोडं पाणी वर थोडंसंच राहतं आणि खालून समुद्राचं मचूळ पाणी चढतं. उपसा जास्त झाला की ते मोटारीत येतं. मोठी पोफळ थोडं सोसते, रोप सोसत नाही. नुरुद्दीन रोज सकाळी विहिरीवर तोंड धुवायचे आणि चूळ भरताना त्यांना कळायचं. खारट लागलं की त्या दिवशी मोटार नाही. विहिरीला विश्रांती, आणि रोपांना घरच्या नळाचं पाणी तांब्यातांब्याने. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. माझ्या तेवीस चिठ्ठ्यांत ते नव्हतं.

अल्तमश धावत आला तेव्हा नुरुद्दीन वाफ्याशी उकिडवे बसले होते.

"बारा दिवसांत पाणी एकदा तरी तोंडात घेतलंस?"

"यादीत नव्हतं, अब्बा."

नुरुद्दीननी एक करपलेलं पान बोटांत धरलं. मग म्हणाले, "नव्हतं खरं. मीच सांगितलं नाही. तोंड धुणं हे काय सांगायचं काम असतं?"

अल्तमशही खाली बसला. म्हणाला की चूक माझी आहे, रंगूताईने सांगूनही मी पाणी वाढवत गेलो.

"तुझ्या ऑफिसात अशी चूक झाली तर काय करतात?" नुरुद्दीननी विचारलं. ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"ऑफिस नाही, अब्बा."

"आज सुट्टी?"

"जानेवारीतच काढलं मला."

वाडीत पलीकडे झावळी पडल्याचा आवाज आला. नुरुद्दीननी तिकडे पाहिलं आणि पुन्हा मुलाकडे.

"मग दहा वाजता दार लावून कोणाशी बोलायचास?"

"कोणाशीच नाही."

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, त्यांनी लावला नाही. मग म्हणाले, "ती असती तर तिला सांगितलं असतंस."

अल्तमश म्हणाला, "हो."

रंगू आली, तिने दोघांना आणि वाफ्याला पाहिलं आणि डोक्यावरचा हंडा अल्तमशपुढे ठेवला. "चल भाय, उचल. ह्याला चार्जिंग लागत न्हाय."

पाऊस येईपर्यंत मी भिंतीवर नुसता लटकत होतो. अल्तमश रोज दोनदा नळाचं पाणी हंड्याने वाहायचा आणि एकेका रोपाला घालायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हाताला फोड आले. दहा वाजता तो वाफ्यात असायचा. नुरुद्दीन बाजूच्या दगडावर बसून कुठल्या रोपाला किती ते सांगायचे. मध्येच अतियाच्या गोष्टी निघायच्या. तिने फळं निवडताना ती पाडणाऱ्याशी कसं भांडण केलं, किती फळं हलकी म्हणून बाजूला टाकली. या गोष्टी अल्तमशला माहीत नव्हत्या, आणि नुरुद्दीननी त्या कधी कोणाला सांगितल्या नव्हत्या.

पंधरा रोपं मेली. एकवीस जगली. आषाढात ती अतियाने दाखवलेल्या जागी लावली. अल्तमशने विकतची रोपं आणून उरलेले खड्डे भरू का विचारलं. नुरुद्दीन म्हणाले, नको, त्याच झाडाची फळं पुन्हा वाफ्यात घालू. दोन वर्षं जातील. जाऊ देत.

ऑक्टोबरात अल्तमशला ठाण्याला नोकरी लागली. आधीपेक्षा लहान कंपनी, आधीपेक्षा लहान हुद्दा. निघायच्या आदल्या दिवशी तो मला काढायला आला. स्क्रू सैल केला तेवढ्यात नुरुद्दीन मागून म्हणाले, "राहू दे त्याला. वेळ पाळतो."

अल्तमशने माझा प्रोग्राम बदलला. आता मी आपल्या मनाने मोटार लावत नाही. रोज सकाळी नुरुद्दीन विहिरीवर जातात, पाणी तोंडात घेतात आणि पनवेलला फोन लावतात. "गोडं आहे," असं म्हणाले की अल्तमश तिकडून त्याच्या फोनवर बोट ठेवतो आणि इथे मी टक करतो. "आज नको," म्हणाले की मी गप्प राहतो.

फोन मात्र तेवढ्यावर थांबत नाही. मुलीचा खोकला कसा आहे, नवीन साहेब बरा आहे का, मासळीवाली आज काय घेऊन आली, एकवीसमधल्या कुठल्या रोपाला नवं पान फुटलं. बरेचदा माझी वीस मिनिटं संपतात, मोटार बंद होते, तरी नुरुद्दीन विहिरीच्या काठावर बसून बोलतच असतात.

हे काम इतक्या लांबून करायची काही गरज नाही, हे मला समजतं. डब्याला बाहेरून एक बटण लावलं की झालं, चव घ्यायची आणि दाबायचं. रंगूने परवा हेच विचारलं. भाय एवढा शिकलेला, एक बटण का नाही बसवून देत? नुरुद्दीन म्हणाले, त्याला वेळ कुठे मिळतो. इनशाने तिकडे हाच प्रश्न अल्तमशला केला. मला ते फोनवरून ऐकू आलं. तो म्हणाला, अब्बांना या वयात बटणं कुठली जमणार.

नुरुद्दीननी कुवेतच्या बंदरावर बावीस वर्षं क्रेन चालवली आहे. समोर चाळीस बटणं असायची. हे अल्तमशला माहीत आहे. आणि एक बटण बसवायला अर्धा तास पुरतो, हे नुरुद्दीनना.

आता फेब्रुवारी आहे. नव्या वाफ्यात फळं घातली आहेत, अजून कोंब वर आलेले नाहीत. माझ्या एका तारेला खाऱ्या वाऱ्याने गंज धरलाय, तो या उन्हाळ्यात बघायला हवा. बाकी मी ठीक आहे. जाणारे-येणारे मोटारघरात डोकावतात, डबा पाहून हसतात, आणि कोणी हुशार माणूस असेल तर लगेच काहीतरी सुचवतो.

तुम्हीही कधी या बाजूला आलात तर जरूर डोकवा. तार दुरुस्त करा, धूळ झाडा. बटणाचं मात्र या दोघांसमोर काढू नका. सकाळी सहाला फोन लागेपर्यंत मी आनंदाने थांबतो.