प्रेषित ओबेडचं सरबत

प्रेषित ओबेडच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंगळवारी एल्मिना बंदरातले कोळी समुद्रात जात नाहीत. तो वार समुद्राचा. म्हणून डॉक्टर एफुआ क्वान्सा त्यांची ऑपरेशनं मंगळवारीच ठेवत, आणि म्हणूनच या भामट्या ओबेडनेही चमत्काराला हाच वार धरला होता. आज भूल द्यायची सगळी तयारी झाली, पण हर्नियाचा कोबिना एसेल काही आला नाही. त्याला शोधत डॉक्टरीणबाई इथे पोचल्या होत्या.

कोबिना मंचावर पडला होता. त्याला सोबोलो पाजलं होतं, आलं आणि साखर घातलेलं लालभडक सरबत. ओबेडने त्याच्या दंडात दाभण खुपसला, तरी गडी हलला नाही. घशातून घोरणं चालू, डोळे मात्र सताड उघडे. याला देवदूत दिसताहेत, आता तेच माझ्या हातून हर्निया काढतील, असं म्हणत ओबेडने सुरी उचलली. सगळ्या मांडवाने गुडघे टेकले.

डॉक्टरीणबाईंना देवदूत दिसले नाहीत. डुलणारी बुबुळं आणि गळणारी लाळ दिसली. वर्षानुवर्षं त्या विद्यार्थ्यांना भुलीची हीच लक्षणं दाखवत आल्या होत्या. इस्पितळात वापरतात तेच भुलीचं औषध, वर झोपेच्या गोळ्या, आणि कडवटपणा झाकायला आलं. त्या गर्दी रेटत पुढे निघाल्या, तेवढ्यात कोबिनाचं घोरणं थांबलं. ओठ काळवंडले. ओबेड सुरी धरून नुसता बघत राहिला.

बाईंनी धावत जाऊन कोबिनाचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलला. घर्रकन श्वास आत गेला.

लगेच कोबिनाची बायको अबा बाईंच्याच पाया पडायला लागली. मागून लोकही वाकले. बाईंना किळस आली. एक बुवा पडला की दुसरा उभा करायचा, एवढंच या लोकांना जमतं.

“पाया नंतर पड. इथे बोटं लाव, जबड्याच्या मागे. उचल, म्हणजे मागे पडलेली जीभ सुटते. येतोय श्वास?”

“येतोय, आई.”

“मग तूही देवी झालीस का?”

अबाने बोटं तशीच धरून मान हलवली. “नाही. जीभ मागे पडली होती, ती सुटली.”

बाईंनी उरलेलं सरबत ओबेडपुढे धरलं. तो म्हणाला, आज माझा उपास आहे.

“सकाळी माझ्याच विकायच्या पाटीतले तळलेले मासे हाणलेस की,” अबा म्हणाली. “उपास कसला रे, मेल्या? पी.”

तो प्यायला नाही. सगळ्यांनी बघितलं.

कोबिनाला इस्पितळात नेताना अबाचा हात जबड्यावरून हलला नाही. बाई वळून गर्दीला म्हणाल्या, “झोपवणं कुणालाही येतं. जागं होईपर्यंत उशाशी कोण बसतं, ते बघा. आणि जो आपल्या हातचं सरबत स्वतः पीत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.”