कूलर बिघडला आहे

मी कूलर बोलून राहिलो. तोच, खडखड वाजणारा. पहिलेच सांगून ठेवतो, मी बिघडलेलो नाही. जो येतो तो कानावर हात ठेवून म्हणतो, "हा बिघडला वाटतं." अरे बाबा, माझं एक पातं जन्मापासून वाकडं आहे, ते जाळीला घासतं. एवढंच. हवा मारण्यात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. शाळेत गेलो नाही, पण सारी जिंदगी कॉलेजात गेली, म्हणून बोलायचा हक्क आहे.

इतवारी बाजाराच्या एका गल्लीत पत्रा ठोकून मला बनवलं. बनवणाऱ्याचा हातोडा घसरला अन् पातं वाकलं. त्यानं ते पाहिलं, डोकं खाजवलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "आवाज थोडा जास्त करते साहेब, पण हवा पाहा!" म्हणून त्यानं मला खपवलं. गिऱ्हाईक म्हणजे वनस्पतीशास्त्राचे हेड, श्रीधर सर. त्यांनी मला ठेल्यावर लादून कॉलेजात आणलं आणि आपल्या खोलीच्या खिडकीत बसवलं.

त्याच उन्हाळ्यात गोपिका मॅडम नोकरीला लागल्या. कुहीकडच्या, धान म्हणजे भात पिकवणाऱ्या गावातल्या. बोलण्यात मले-तुले. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मॅडम धानाचं रोप चिखलासकट घेऊन वर्गात गेल्या, टेबलावर आपटलं आणि मुळापासून शिकवायला लागल्या. मग कोणी हसलं नाही.

शिकवायचं त्यांना आधीच येत होतं. बाकीचं श्रीधर सरांनी शिकवलं. एकदा दार लोटून म्हणाले, "मॅडम, कॉलेज दोन गोष्टींवर चालतं. एक आपण वर्गात बोलतो ती, आणि दुसरी कूलर लावून बोलतो ती." आणि माझं बटण दाबलं.

तेव्हा मला कळलं की मला फक्त हवेसाठी ठेवलेलं नाही. कोणाला कोणता पेपर तपासायला द्यायचा, कोणाची बढती अडवायची, सारं माझ्या खडखडीत ठरायचं. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेल्यांना खडखड तेवढी ऐकू जायची.

पण माणसाची एक खोड आहे. कूलरसमोर तो ओरडून बोलतो, आणि आपण ओरडून राहिलो हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. एकदा श्रीधर सर माझ्यासमोर जोरजोरात सांगत होते आणि मधेच लाईट गेली. मी गप्प झालो, सर झाले नाहीत. "प्राचार्यांना ओ की ठो कळत नाही, नुसता टाय बांधून फिरतो!" हे साऱ्या व्हरांड्यानं ऐकलं. पडद्याबाहेर प्राचार्य उभे. टाय बांधून.

गोपिका मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली असावी. मी तर ठेवलीच.

पुढं सर रिटायर झाले, मॅडम हेड झाल्या. मग विद्यापीठाच्या समित्या आल्या, अभ्यासमंडळ आलं, आणि एक दिवस मॅडम प्राचार्य झाल्या. त्यांनी मला सोबत प्राचार्यांच्या खोलीत नेलं. शिपाई कांताबाई माझ्या टाकीत बादल्या ओतता ओतता कुरकुरायच्या, "मॅडम, एसी बसवा नं आता. या म्हाताऱ्याले काहून पोसून राहिल्या?"

"एसीचा आवाज येत नाही, कांताबाई."

"मंग चांगलंच हाय नं!"

मॅडम उठायच्या. माझं बटण दाबायच्या.

खरं बोलतो, मला राग यायचा. धानाचं रोप टेबलावर आपटणारी बाई माझ्याआड तोंड लपवायला शिकली होती. "पाहू", "थांबा", "वरून फोन आहे", हेच शब्द माझ्यासमोर जास्त झाले. वर्गात मात्र त्या अजून जुन्याच होत्या. हे दोन्ही एकाच बाईत कसं मावतं, ते माझ्या पत्र्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग अपेक्षाची गोष्ट आली. ही मॅडमचीच विद्यार्थिनी. कॉलेजात तासावर शिकवायची. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की घरी बसा. वर्षानुवर्षं अशीच. मागच्या वर्षी मॅडमनं तिला आत बोलावलं, मला फुल केलं आणि सांगितलं, "यंदा राहू दे पोरी. सोसायटीनं जागा थांबवली. पुढच्या वर्षी पाहू."

"मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही राहान काय?"

मॅडमनं समोरची फाईल ओढली. मी खडखडत होतो. ती डोळे पुसत गेली, तेही बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

यंदा मे महिन्यात जागा निघाली. महिनाअखेर मॅडम रिटायर होणार होत्या. मुलाखती त्यांच्याच खोलीशेजारच्या हॉलमध्ये झाल्या. विद्यापीठानं पाठवलेले दोन तज्ज्ञ आले. अपेक्षानं धानावरच उत्तरं दिली आणि तज्ज्ञ खूश झाले, असं कांताबाई पाणी ओतता ओतता सांगून गेल्या. मग तज्ज्ञ हॉलमध्येच जेवायला बसले. उमेदवार व्हरांड्यात बाकावर. आणि कॉलेज चालवणाऱ्या सोसायटीचे सचिव धर्मेंद्रभाऊ मॅडमच्या खोलीत शिरले. शिरताच म्हणाले, "गरमी लय हाय. कूलर वाढवा जरा."

मॅडमनं मला वाढवलं. मी खडखडायला लागलो. भाऊ खुर्ची ओढून बसले. सुरुवात गोड होती. "रिटायर झाल्यावर घरी बसून काय करान? आपल्या नव्या कॉलेजच्या संचालक व्हा नं."

"आणि?"

"आणि काय! माह्या भाच्याचं तेवढं पाहून घ्या."

"त्याला पानाचे प्रकार सांगता आले नाहीत, भाऊ."

"नोकरी लागल्यावर शिकते तो!" भाऊंचा आवाज चढत गेला. माझ्यासमोर साऱ्यांचाच चढतो. "हे पाहा, तुमचे पेन्शनचे कागद माह्याच टेबलावर हायेत. मी दाबून बसलो तर दोन वर्षं हलत नाहीत."

मॅडमच्या कपाळावर घाम होता. माझी सारी हवा त्यांच्याच अंगावर जात होती, तरी घाम. त्या उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. भाऊंना वाटलं, अजून वाढवायला आल्या. ते आणखी जोरात बोलायला लागले. मॅडमचं बोट बटणावर आलं.

आणि त्यांनी मला बंद केलं.

बाकीचे कूलर बंद केले तरी थोडा वेळ फिरत राहतात. माझं वाकडं पातं जाळीला घासलं आणि मी जागीच थांबलो.

"मुलाखत त नावालेच घेतली आपण! त्या अपेक्षाले काटा अन् माह्या भाच्याले टाका!"

खोलीत, हॉलमध्ये, व्हरांड्यात, फक्त हेच. बाकावरून कोणाची तरी फाईल खाली पडली. भाऊ अर्ध्यात थांबले, छताकडे पाहिलं. "लाईट गेली काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पंखा सुरू आहे."

वर पंखा खरंच गरगरत होता. भाऊंनी तो पाहिला, मग मला पाहिलं. माणूस माणसाकडे पाहतो तसं पाहिलं.

मोठे तज्ज्ञ दारात आले. बोटांना वरणभात तसाच. "काय म्हणालात भाऊ?"

"मस्करी करून राहिलो होतो, साहेब."

"पुन्हा सांगा नं," मॅडम म्हणाल्या. "साहेबांनी अर्धंच ऐकलं असेल. मीही आतापर्यंत अर्धंच ऐकू दिलं लोकांना." बाई जागची हलली नाही. "नाहीतर मग मुलाखतीत झालं तसंच राहू द्या आणि सह्या करा."

भाऊ बाहेर पाहून राहिले. पडद्याच्या खालून बाकावरच्या साऱ्यांचे पाय दिसत होते. एकही पाय हलत नव्हता. भाऊंनी सही केली. अपेक्षा लागली.

मॅडमचा निरोप समारंभ झाला नाही. सोसायटीला वेळ नव्हता म्हणे. कांताबाईनं समोसे आणले, दोघींनी माझ्यासमोर बसून खाल्ले. जाताना मॅडमनं माझ्या पत्र्यावर हात ठेवला. त्यांचे कागद अजून भाऊंच्याच टेबलावर आहेत, हेही ऐकून ठेवा. फुकटात काही झालं नाही.

नव्या प्राचार्यांनी एसी लावला. मला सायकल स्टँडमागं टाकलं आणि कोणीतरी खडूनं माझ्यावर लिहिलं, 'बिघडलेला'. तिथून अपेक्षानं मला ओढत वनस्पतीशास्त्रात आणलं, त्याच जुन्या खिडकीत. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पंप बदलला. पातं सरळ करू काय, असं मिस्त्रीनं विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या. तसंच पाहिजे."

परवा भर दुपारी सोसायटीचे हेडक्लार्क सुमंतबाबू आले. दार लोटलं, रुमालानं मान पुसली. "मॅडम, तुमची नोकरी पक्की व्हायला अजून अवकाश आहे, नाही का? भाऊंच्या नात्यातल्या एका मुलीचे प्रॅक्टिकलचे मार्क आहेत. जरा कूलर लावा ना, मग बोलू."

अपेक्षा उठली. माझ्याजवळ आली. तिच्याही कपाळावर घाम. तिचा हात माझ्या बटणाशी आला आणि तिथंच थांबला. मी कितीतरी हात असे पाहिले. बहुतेक दाबतात. बाई, गरमी सोस, मी पत्र्यातल्या पत्र्यात म्हणत होतो. एवढी सोस.

तिनं हात काढला, जाऊन दार सताड उघडलं. बाहेर पोरं उभी होती.

"कूलर बिघडला आहे," ती म्हणाली. "असंच बोला, सुमंतबाबू. जोरात बोला."

सुमंतबाबू पाणी पिऊन निघून गेले.

आता तुम्हीही ऐका. जन्मभर या एका शब्दावर भांडलो, आता भांडत नाही. कोणी दार लोटून, मान पुसत माझी चौकशी करायला आला, तर त्याला हेच सांगा. बिघडला आहे.