चुकलेली पट्टी

पुंजारामदादांच्या गायन पार्टीत मी कोरसला. कोरसवाल्याला कामं दोनच: ओळ उचलायची आणि माणसं न्याहाळायची. समोरच्यांत ऐकणारे किती आणि ऐकल्यासारखं करणारे किती, याची वाटणी माझी पहिल्या गाण्यातच व्हायची. पेटीवाले कोंडाजीतात्या मात्र सगळ्यांनाच ऐकणाऱ्यांत धरायचे. दिवसभर अंबडच्या कारखान्यात ड्रिल मशीन, संध्याकाळी पेटी, आणि सोळा वर्षं नाव कुठं, तर ‘पुंजाराम आणि पार्टी’मधल्या पार्टीत. एकदा तरी कुणी पेटीला दाद द्यावी, एवढीच त्यांची भूक.

चौऱ्याऐंशी साली आमची कॅसेट निघाली. रेकॉर्डिंगला दोन कडव्यांच्या मधल्या तुकड्यात तात्यांचं बोट घसरलं आणि पांढरीऐवजी शेजारच्या काळ्या पट्टीवर पडलं.

“दादा, परत घेऊ,” तात्या म्हणाले.

“माझा आवाज लागलाय, तात्या. पेटी कोण ऐकतं?”

लोकांनी नेमकी पेटीच ऐकली. रिक्षांत, सीबीएस बसस्टँडजवळच्या टपरीवर, जिथं तिथं तो तुकडा. घसरलेली जागा आली की माणसं डोळे मिटायची. “काळजाला हात घातलात,” असं कारखान्याचा सुपरवायझरसुद्धा म्हणाला, ज्याला भोंग्याशिवाय दुसरा सूर ठाऊक नव्हता.

“आणखी चार चुका करा तात्या, पद्मश्री देतील,” मी चिडवलं.

तात्या हसले नाहीत. “सोळा वर्षं बरोबर वाजवलं, ते कुठं गेलं रे?”

पुढच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला नाशिकरोडला कार्यक्रम होता. दादांनी स्टेजमागेच बजावलं, “ती जागा कॅसेटसारखी घ्यायची हं.”

“ती चूक आहे दादा.”

“असू दे की. चूक तुमची, टाळ्याही तुमच्याच.”

त्या दिवशी माइकवरून पहिल्यांदा पुकारलं गेलं: पेटीवर, कोंडाजी. तुकडा आला. पुढच्या रांगेतले हात टाळीसाठी आधीच वर झालेले मला दिसत होते. तात्यांचं बोट काळ्या पट्टीवर क्षणभर तरंगलं आणि पांढरीवर उतरलं. इतकं नितळ मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

हात खाली गेले. मागून कुणीतरी म्हणालं, “याला नाय येत. कॅसेटवाला दुसरा हाय.”

महिन्याभरात दादांनी मालेगावहून जमील नावाचा पेटीवाला आणला. कॅसेट ऐकून ऐकून त्यानं ती चूक तंतोतंत बसवली होती. टाळ्या परत सुरू झाल्या. ओळ उचलायला मीही होतोच.

एका रविवारी तात्यांच्या घरी गेलो. ते वाजवत बसले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, “नाशिकरोडला तुम्ही बरोबर वाजवलंत, तात्या.”

“ते मला वाजवतानाच कळलं होतं,” ते म्हणाले. भाता थांबला नाही.

दाद घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. मी जरा वेळ बसलो, मग चपला घातल्या.