धवलेरीची डबी

तलासरीकडचं लग्न उरकून येताना घराअलीकडच्या चढावर आमची गाडी पुन्हा थांबली. माझा मुलगा तुषार उतरला, मी उतरलो, शेजारची चिमीही मागून कशीबशी बाहेर आली. तुषारने एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर ठेवला आणि आम्ही ढकलायला लागलो. माझी बायको रखमा मात्र पुढच्या सीटवर बसून गातच राहिली. गाडी थांबली म्हणून देवांची नावं अर्ध्यावर टाकता येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

“आये, गातेस तर गा, पण जरा हलकी होऊन बस,” तुषार धापा टाकत म्हणाला.

“मी हलकीच हाय. तुझी गाडी जड हाय.”

“गाडी बाची हाय. माझी असती तर कधीच भंगारात दिली असती.”

गाडी खरंच माझी. डहाणूला नविनशेठची चिकूची वाडी मी कितीतरी वर्षं राखली. त्यांनी पेट्रोलशिवाय चालणारी ही छोटी गाडी हौसेने घेतली होती. पुढे त्यांच्या मुलांना मोठी गाडी हवी झाली, तेव्हा शेठ म्हणाले, “सदू, ही घेऊन जा. तुझ्या घरी लाईट आहे ना, मग झालं.” पाड्यावर आणली तेव्हा पोरं तिला डबी म्हणाली आणि तेच नाव राहिलं. दोन दरवाजे, पुढे दोघांची जागा, मागे कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. तिथे मी आणि चिमी गुडघे हनुवटीला लावून बसतो.

रखमा धवलेरी आहे. आमच्या वारल्यांच्या लग्नात बामण नसतो. धवलेरी बसून गाते, देवांना एकेक करून बोलावते आणि तिच्या गाण्यानेच लग्न लागतं. रखमाचे गुडघे गेले, पण गळा शाबूत आहे. ती गायला बसली की मांडवात दुसरं काही वाजता कामा नये. डीजेवाले तिला सासूसारखे घाबरून असतात.

चिमी तिच्याकडे गाणं शिकते. हे गाणं कुठे लिहिलेलं नाही, ऐकून ऐकूनच घ्यावं लागतं. घरी म्हणाल तर टीव्ही, नातवंडं, शेजारच्या गिरणीची खडखड. चिमीलाही दिवसभर वाडीत मजुरी. म्हणून दोघींची शाळा भरायची ती डबीत. डबीला आवाज नाही. एक ओळ रखमा म्हणायची, मागून चिमी म्हणायची. आमच्या रानशेतपासून लग्नघरापर्यंत धडा चालायचा. तीन लगीनसराया असं करून अर्ध्याहून जास्त गाणं चिमीच्या गळ्यात उतरलं होतं. उरलेलं राहिलं, तर रखमाबरोबरच जाईल, हे आम्ही घरात कोणी बोलत नव्हतो, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि नेमकी तिसऱ्या वर्षी डबी दगा द्यायला लागली. घरी रात्रभर चार्जिंगला लावली की जाताना घोडीसारखी जायची. येताना मात्र म्हातारी. लग्नघरी पोचल्याबरोबर आम्ही वायर टाकून तिला चार्जिंगला लावायचो, तरी परत निघताना काटा खालीच. निघायच्या वेळी मी वायर गुंडाळायला जाई, तर प्लग आधीच काढलेला असे. कोणी समजूतदार माणसाने म्हाताऱ्याचे कष्ट वाचवले, असं वाटून मला बरं वाटायचं.

तलासरीच्या विपुलचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तुषारने त्याला डबीचं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, “काका, चार्जिंग घेतच नाही म्हणजे बॅटरी संपली. आठच्या आठ नव्या टाकण्यापेक्षा मी तुम्हाला डिझेलची व्हॅन देतो, डबी मला द्या. व्हॅनमध्ये अख्खं वऱ्हाड बसेल.”

“बसवून तर बघू,” मी म्हणालो.

त्याने व्हॅन पाड्यावर आणली. रखमाला हात देऊन चढवलं, चिमीला मागे बसवलं आणि आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत फेरी मारली. सीट मऊ, जागा ऐसपैस. इंजिनाच्या घरघरीत रखमाने एक ओळ म्हटली. मागून चिमी ओरडली, “काय?” रखमाने पुन्हा म्हटली. चिमी पुन्हा म्हणाली, “काय?” परत येईपर्यंत रखमाचा घसा बसला.

“कशी वाटली, मावशी?” विपुलने विचारलं.

“चांगली हाय,” रखमा खाकरत म्हणाली. “ह्यात बोकड नेला तर तोही गप बसंल.”

विपुल हसला, पण तुषार नाही हसला. “आये, गाणं घरी शिकव. भर उन्हात रस्त्यात ढकलायची काय हौस हाय? बा पडला, हात मोडला, तर?”

त्याचंही चुकत नव्हतं. मलाही आता ढकलवत नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, “सायवनचं लग्न ह्या सराईचं शेवटचं. तिथून डबी आपल्या पायाने घरी आली, तर तिची दुरुस्ती करू. ढकलावी लागली, तर विपुल तिला घेऊन जाईल.”

“पक्कं?” तुषारने विचारलं.

“पक्कं.”

 सायवनला जाताना रखमाने चिमीला इतक्या घाईने ओळी दिल्या की पोरीची दमछाक झाली. “आजी, जरा सावकाश!” “सावकाश काय? परतीला ही गाडी असंल-नसंल!”

सायवनला मांडवाच्या खांबाला विजेचा बोर्ड ठोकला होता. त्यात डीजेची वायर होती, शेजारी मी आमची लावली. लहान पोरं खेळताना वायर ओढत असतील, असा मला संशय होता. म्हणून खुर्ची ओढून मी बोर्डापाशीच बसलो आणि ठरवलं, जेवायलाही उठायचं नाही.

दुपारी नवरदेवाची आई आली. “धवलेरीबाय, चौक लिहून झाला. चला.” भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिला की पुढचं काम रखमाचं. रखमा काठी टेकत उठली. चौकाकडे जाण्याआधी ती वळली आणि सरळ माझ्याकडे आली. डीजेचा पोरगा लांबूनच म्हणाला, “बंद करतो, आजी, बंद करतो!”

“तुझं बंद मला माहीत हाय. मी पाठ फिरवली की चालू,” असं म्हणून रखमाने बोर्डातला एक प्लग उपटला. मग दुसराही उपटला. दुसरा आमचा होता.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

“काय बघतोस, डोकऱ्या?”

“रखमे, तो डबीचा प्लग हाय.”

“असू दे. देवाचं गाणं चालू असताना मशीन चालू नको.”

“तू दर लग्नात दोन्ही काढतेस?”

“बोर्डात असतील तेवढे काढते. काळ्या वायरी सगळ्या सारख्याच.”

डीजेवाला गाणं संपल्यावर आपला प्लग लावून घ्यायचा. आमचा तसाच पडून राहायचा. मला इतकं हसू आलं की खुर्ची कलंडली. काय झालं म्हणून तुषार धावत आला. मी त्याला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

“आये! अख्खा उन्हाळा आम्ही ढकलतोय!”

रखमा जराशी ओशाळली, पण धवलेरी ती. “मग मला कोणी सांगितलं का?” ती म्हणाली. हातातल्या प्लगकडे तिने बघितलं, मग लांब आंब्याखाली उभ्या डबीकडे. “ही आवाज करते काय?”

“तीन वर्षं बसतेस तिच्यात. करते काय?”

तिने थोडा विचार केला आणि प्लग माझ्या हातात दिला. “लाव. देवांना नाय त्रास व्हायचा.”

मग ती चौकापुढे बसली आणि दुपारभर गायली. मी प्लगवर हात ठेवून बसलो होतो. कोणीतरी जेवणाचं पान तिथेच आणून दिलं.

उन्हं कलल्यावर निघालो. काटा अगदी वर नव्हता. तुषार लगेच म्हणाला, “बघ बा, पूर्ण भरली नायच. जुनी ती जुनीच.”  रखमाचा घसा दमला होता, म्हणून चिमीने सुरुवात केली. एकेक देव बोलावत ती पुढे पुढे गेली. जाताना मिळालेल्या नव्या ओळीही तिने घेतल्या. घराअलीकडचा चढ आला. डबी सावकाश झाली, इतकी की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. तुषारची मान पुढे झुकली होती, जणू तोच ओढत होता. चढ संपला आणि पाड्यावरचे दिवे दिसले, तेव्हा तोच पहिल्यांदा ओरडला, “आली रे आली!”

“गप!” रखमा त्याच्यावर खेकसली. “तुझ्या ओरडण्यात पोरीचा एक देव राहिला. चिमे, कणसरी देवीपासून परत म्हण.”

पुढच्या आठवड्यात विपुल आला, व्हॅन न आणता. त्याने एकेक बॅटरी तपासली. दोन खरंच थकल्या होत्या, म्हणून पूर्वीसारखं घरच्या एका चार्जिंगवर जाणं-येणं होत नव्हतं; बाकीच्या बऱ्या निघाल्या. “काका, नव्यासारखी होणार नाही. पण अजून दोन सराया काढेल,” तो म्हणाला. चिमीला तेवढ्या पुरतील का, असं मी रखमाला विचारलं.

“पुरतील,” ती म्हणाली. “पोरीने मध्ये लग्न नाय केलं तर.”

आता डबीच्या प्लगला चिमीने हळदीचा पिवळा दोरा बांधला आहे. रखमा बोर्डापाशी गेली की आधी दोरा शोधते आणि बाकीचे उपटते. मागच्या लग्नात त्यात आचाऱ्याचा पंखाही गेला.