हत्तीचे मागचे पाय

नाटकात हत्ती व्हायला दोन माणसं लागतात. पुढचा ताठ उभा राहतो, सोंड हलवतो, टाळ्या खातो. मागचा कमरेत वाकतो, पुढच्याचा पट्टा धरतो आणि अंधारात त्याची घामेजलेली पाठ बघत फिरतो. आता सांगा, मागचा व्हायला कोण तयार होईल? पण भाऊजी झाले होते, आणि वर्षानुवर्षं तेच करत होते.

पुढे त्यांचा मेहुणा. त्याला सगळी नाटकमंडळी सोंड्या म्हणायची, आणि सोंड्या यांना भाऊजी म्हणतो म्हणून हे सगळ्यांचेच भाऊजी. हत्तीचं कातडं शिवलं होतं सोंड्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे भाऊजींच्या बायकोने. थोडक्यात काय, हत्ती घरचा आणि भांडणंही घरचीच.

"भाऊजी, मागे ओढू नका हो!"

"मग तू पळू नकोस ना! मागे कोणी आहे की नाही?"

नव्या नाटकाच्या तालमीत दिग्दर्शिकाबाईंनी कपाळावर हात मारला. "हा हत्ती? अहो, दोन माणसं चादर पांघरून बस पकडायला निघालीत! रविवारी पहिला प्रयोग आहे. तोवर हत्ती हत्तीसारखा चालला तर ठीक, नाहीतर मी पुठ्ठ्याचा उभा करते."

पुठ्ठ्याचा! भाऊजींच्या फार जिव्हारी लागलं. गुडघे कुरकुरायला लागलेले, चेहरा कुणाच्या ओळखीचा नाही. हत्ती गेला की रंगभूमीही गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी बायकोने दोघांना समोर बसवून विचारलं, "खरा हत्ती पाहिलाय का तुम्ही? जंगलातला, मोकळा?"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे कर्मा!" ती म्हणाली, आणि सुट्टीच्या दिवशी दोघांना घेऊन थेट सफारीच्या उघड्या जीपमध्ये जाऊन बसली.

आधी दिसला जिराफ. झाडाच्या शेंड्यावरून तो पाला चघळत यांच्याकडे असा निवांत बघत होता, की बघायला आलेले हे की तो, तेच कळेना. मग गेंडा, अंगावर चिखल वाळलेला. "याला शिवायला सुई नाही, पहार लागेल," बायको पुटपुटली. वाटेच्या कडेला सिंह झोपला होता. त्याने एक डोळा उघडला, यांना पाहिलं आणि परत मिटला. तेवढ्यानेच सोंड्या बहिणीच्या आड सरकला. "काय रुबाब आहे राव!" तो म्हणाला.

आणि मग ड्रायव्हरबाईंनी इंजिन बंद करून ओठांवर बोट ठेवलं.

झुडपांतून हत्ती बाहेर आला. केवढं ते धूड! आणि पावलाचा आवाज म्हणून नाही. झोपेतही बडबडणारा सोंड्या तोंड उघडं टाकून गप्प झाला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं देखणं जनावर, आणि आपण त्याचं काय करून ठेवलं होतं!

सवयीने त्यांची नजर मागच्या पायांवर गेली. मागचा डावा पाय सावकाश उचलला गेला. तो पुढच्या डाव्याच्या पार टाचेशी येईपर्यंत पुढचा जागचा हलला नाही. अगदी शेवटच्या क्षणी तो उचलला, आणि मागचा बरोबर त्याच्या ठशात टेकला. मग उजवीकडेही तेच.

"सोंड्या," भाऊजी कुजबुजले, "मागचा आधी निघतो रे."

"काय?"

"बघ की! पुढचा त्याला नुसती जागा करून देतो."

सोंड्याने हत्ती पलीकडच्या गवतात शिरेपर्यंत पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "आपण कवायत करत होतो, भाऊजी. डावा-उजवा, डावा-उजवा. आणि ओरडत मी होतो."

"ते राहू दे," बायको म्हणाली, "मागे केवढा झोळ आहे पाहिलात? आणि मी मेली घट्ट शिवत बसले!"

रविवारी सभागृह पोरांनी गच्च भरलं होतं. नुसता कालवा. हत्तीने मागच्या दारातून शिरून खुर्च्यांमधल्या वाटेने रंगमंचावर जायचं होतं. दिग्दर्शिकाबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. ढगळ कातड्यात भाऊजी वाकले, पट्टा धरला आणि सोंड्याच्या "डावा!"ची वाट बघत थांबले. हाक येईना.

"अरे, बोल ना!"

"तुम्ही निघा, भाऊजी," पुढून आवाज आला. "तुमचा पाय टाचेला लागला की मी माझा उचलतो."

भाऊजींनी डावा पाय उचलला. पुढे नेला, टाचेला लावला. टाच अलगद वर गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी पाय टेकला. मग उजवा. सोंड्याने एकदाही घाई केली नाही.

त्यांना नेहमीसारखंच सोंड्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नव्हतं. पण बाहेरचा कालवा हळूहळू थांबला. ही शांतता ते ओळखत होते. जीपमध्ये तेही असेच गप्प झाले होते.

त्या शांततेत अगदी जवळून एक चिमुकला आवाज आला, "आई, पाय आत घे ना. हत्तीला जाऊ दे."